बावीस खाचा

बुधरीनं हातभर लांबीची बांबूची काठी नूरुद्दीन मुन्शीच्या मेजावर ठेवली, शाईची दौत जराशी बाजूला सारली आणि म्हणाली, "हा कागद हाये. अपील लिहा."

नूरुद्दीन वीस वर्षं तहसिलीच्या कोर्टासमोर, पत्र्याच्या छपराखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत होता. पुरावा म्हणून लोकांनी त्याच्यापुढं मेलेल्या बैलाचं शिंग ठेवलं होतं, अस्वलानं फाडलेलं धोतर ठेवलं होतं, एकानं तर सासराच आणून बसवला होता. काठीचं त्याला काही वाटलं नाही.

"कोनाचं अपील?"

"दसरू मडावी. रेंगाटोला. माहा नवरा."

नूरुद्दीननं लेखणी पुसली आणि कलमदानात ठेवली.

"दुसऱ्याकडं जा बाई."

"दुसरा कोन हाये इथी?"

दुसरा मुन्शी मे महिन्यात वारला होता. त्याचं मेजही नूरुद्दीननंच उचलून आणलं होतं. काठी त्याच मेजावर पडली होती.

"मंग कोनीच नाई. माह्या हातानं हे नाई व्हाचं. तुह्या नवऱ्यानं आग लावली न, तिच्यात जो चौकीदार जळाला, गुलाम रसूल, तो माह्या बहिनीचा नवरा होता. आबिदा माह्याच घरी हाये. दोन लेकरं हायेत."

"मले मालूम हाये जी," बुधरी म्हणाली. "म्हनूनच तुमच्याकडं आली. तुमी लिहिलं तं लोकाईले खरं वाटन."

आणि ती चटईच्या कडेला बसली. दोन दिवस चालून आलेलं माणूस जसं बसतं तशी. उठवायला पोलीसच लागला असता.

छपराच्या दुसऱ्या टोकाला, चार खोक्यांच्या मागे, नीळकंठ वैरागडेच्या हातातला चहा कार्डांवर सांडला. 'अपील' हा शब्द त्यानं या गावात दोन महिन्यांत पहिल्यांदाच ऐकला होता. त्याला नागपुरातून त्याच्या प्राध्यापकांनी इथं धाडलं होतं ते दोन प्रश्नांची उत्तरं आणायला: गुन्हा कबूल केला तर शिक्षा किती कमी होते, आणि झालेल्या शिक्षेवर लोक अपील का करतात. त्यासाठी त्यानं जंगलच्या गुन्ह्यांच्या तीनशे सत्त्याऐंशी खटल्यांची कार्डं भरली होती. नाव, गाव, गुन्हा, कबुली, शिक्षा, अपील. अपिलाचा रकाना प्राध्यापकांनी सर्वांत रुंद छापून घेतला होता आणि तो तीनशे सत्त्याऐंशी वेळा कोरा होता. लोक अपील का करतात याचं उत्तर नीळकंठजवळ तयार होतं. करत नाहीत. पण एवढ्यावर पदवी मिळेल असं त्याला वाटत नव्हतं.

तो ओलं कार्ड झटकत जवळ आला.

"ही काठी कसली, बाई?"

बुधरीनं नूरुद्दीनला विचारलं, "हे कोन?"

"हे नागपूरचे साहेब. लोकाईच्या सजा मोजून राह्यले."

"मोजून काय करते?"

"ते त्याईलेबी मालूम नाई."

बुधरीला हे पटलेलं दिसलं. तिनं काठी उचलून नीळकंठच्या हातात दिली. काठीवर एका बाजूनं ओळीनं खाचा होत्या, काही उथळ, काही नखभर खोल.

"गावात बावीस घरं, तं बावीस खाचा. मोहाच्या दिवसात झाडाखालचा पाला जाळा लागते. नाई जाळला तं फूल दिसत नाई. मंग जंगलाचा मानूस येते. म्हनते, कोनं जाळला? जाळते तं सारेच. साऱ्याईले नेलं तं फूल कोन येचन? म्हून एकानं 'हो' म्हनाचं. पंधरा दिवस बसून येते. औंदा याचं घर, पुढच्या साली त्याचं घर. ज्या घरानं 'हो' म्हनलं त्याची खाच खोल कराची. काठी पोचू पाटलाच्या घरी राहते."

"आणि 'नाही' म्हटलं तर?"

"तं तारखा. याले दोन दिवस, जाले दोन दिवस. पाच तारखा पडते. वीस दिवस गेले. 'हो' म्हनलं तं पंधराच." तिनं हाताचा पंजा दाखवला. "पाच वाचते."

गेल्या महिन्यात नऊ दिवस आकडेमोड करून नीळकंठनं नाकबूल करणाऱ्याचे किती दिवस जातात याची सरासरी काढली होती. ती एकोणीस दिवस आणि काही तास आली होती.

"औंदा बारी आमच्या घराची होती," बुधरी म्हणाली. "बारी घराची असते, मानसाची नाई. मंग लाकडाचा डेपो जळाला. पोलीस आले. आग कोनं लावली म्हने. दसरू 'हो' म्हनला. मोठ्या जज्जानंबी इच्यारलं. तिथीबी 'हो' म्हनला. साऱ्याईले वाटे, पंधरा दिवस." तिनं दोन्ही पंजे दाखवले. "दहा वर्स देल्ली जी. माह्या लहान पोरीले दात नाई आले आखीन. बाप येईन तवा तिचं लगन लावाले लागन."

नूरुद्दीन रस्त्याकडं पाहत होता. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आता कळलं न साहेब," तो म्हणाला. "कबूल केलेल्याचं अपील होत नाई. सजा जास्ती झाली एवढंच म्हनता येते. तं म्हना, एक मानूस जाळला त्याले दहा वर्सं जास्ती झाली. लिहा तुमी. तुमचं अक्षर चांगलं हाये."

नीळकंठनं रेंगाटोल्याचा गठ्ठा काढला. बारा कार्डं होती. त्याआधीची दप्तरं वाळवीनं वाचून संपवली होती. त्यानं ती चटईवर सालवार मांडली आणि काठी शेजारी ठेवली. बुधरी एकेका खाचेवर बोट ठेवून घराचं नाव सांगत गेली, आणि कार्डावर तेच नाव निघत गेलं. बारापैकी बारा. नीळकंठच्या अभ्यासात इतकी जुळणी आतापर्यंत कशाचीच झाली नव्हती. त्याला आनंद झाला, आणि समोर दोन दिवस चालून आलेली बाई बसलेली असताना आनंद झाला याची लाजही वाटली, पण ती थोड्या वेळानं.

शेवटचं कार्ड दसरूचं होतं. पाला जाळणे. कबूल. पंधरा दिवस साधी कैद. निकाल, अकरा मार्च.

त्यानं ते परत वाचलं.

"चाचा, डेपो कधी जळाला?"

"एकोणीस मार्च," नूरुद्दीन मागं न पाहता म्हणाला. "रमजान दोन दिवसांवर होता. रसूल सांगून गेल्ता, पहाटं सेहरीले उठवाले कोनी नाई डेपोत, तं घंटीवालं घड्याळ आना मले. मी आनलं होतं. घरीच हाये."

"अकरा मार्चला दसरूला पंधरा दिवसांची कैद झाली. म्हणजे पंचवीसपर्यंत."

त्यानं कार्ड नूरुद्दीनपुढं धरलं.

"एकोणीस तारखेला तो आतच होता, चाचा. डेपो जळला तेव्हा दसरू सरकारच्या कोठडीत बसला होता."

जंगलाचा खटला जंगलवाल्यांचा होता, डेपोचा खटला पोलिसांचा. दोघांच्या कागदांची आयुष्यात कधी गाठ पडायची गरज नव्हती. ती नीळकंठच्या खोक्यात पडली. आणि दसरूला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याला दोन्ही वेळा विचारलं होतं ते एवढंच, की आग लावली का.

नूरुद्दीननं कार्ड घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग चष्मा काढून मेजावर ठेवला आणि कोर्टाच्या आवारापलीकडं पाहिलं. तिथं कैद्यांची कोठडी होती. तिचा दरवाजा त्याच्या मेजावरून सरळ दिसायचा.

"त्या दिवसात एक कैदी रोज आवार झाडे," तो हळू म्हणाला. "रेंगाटोल्याचाच. मी बिडी देल्ली त्याले, दोनदा. उंच. डाव्या कानात पितळेची बाळी." तो बुधरीकडं वळला. "तोच का तुहा नवरा?"

बुधरी काठी पदरानं पुसत होती.

"असन जी."

"सात महिने मी ज्याले बद्दुआ देऊन राह्यलो, तो तवा इथी झाडू मारे. माह्या समोर!" नूरुद्दीन हसला की काय ते कळलं नाही, आवाज तसाच काहीतरी आला. "आबिदा म्हने, भाईजान, त्या मानसाचं तोंड कसं असन हो? अन् मी त्याले माचिस लावून देल्ली."

त्यानं कलमदान उघडलं. लेखणीचं टोक बोथट झालं नव्हतं, तरी चाकू काढून ते तासलं.

"कबुलीच खोटी हाये असं दाखवता येते. साठ दिवसाची मुदत. किती राह्यले?"

"अकरा," बुधरी म्हणाली. काठीच्या मागच्या बाजूला तिनं कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या.

कोठडीच्या रजिस्टराची शिक्का मारलेली नक्कल मिळायला तीन दिवस गेले. तेवढ्यात नूरुद्दीननं अर्जाचे दोन मसुदे फाडले. तिसऱ्या दिवशी नक्कल आली तेव्हा त्यानं तिच्यातल्या नावावर बोट ठेवलं.

"यात नुसतं नाव हाये, साहेब. दसरू मडावी, रेंगाटोला. हायकोर्टात सरकारी वकील म्हनन, दसरू मडावी त्या भागात वीस असन. मोठ्या जेलातला दसरू अन् हा दसरू एकच, हे कोनीतरी शपथेवर सांगा लागन. बाईचं कोन ऐकते? ते तं बायकोच हाये. मी रसूलचा साळा, मले बी नाई चालाचं. शिकलेला मानूस पाहिजे, दोन्हीकडचा नाई असा."

"मी करतो शपथपत्र," नीळकंठ म्हणाला. प्राध्यापकांनी निघताना बजावलं होतं की आकड्यांत हात घालायचा नाही. पण हा आकडा नव्हता, माणूस होता. शिवाय खरं होतं, आणि खरं सांगायला काय लागतं असं त्याला त्या वेळी वाटलं. "जाऊन त्याला पाहतो. अंगठाही घेऊन येतो."

"बाळी पाहा," नूरुद्दीन म्हणाला. "डाव्या कानात."

तो बसनं मूलला गेला, तिथून छोट्या गाडीनं चांद्याला. मूलच्या स्टेशनवर राइस मिलचा कोंडा हवेत होता. पांढऱ्या भुवयांचा एक हमाल त्याच्या शेजारी डुलक्या घेत बसला. नीळकंठनं मांडीवर शपथपत्राचा मसुदा लिहून काढला. शेवटचं वाक्य होतं, 'वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' अक्षर गाडीच्या हिसक्यांनी वाकडं आलं होतं, म्हणून त्यानं एवढंच वाक्य पुन्हा नीट लिहिलं.

जेलात त्याला जाळीपुढं उभं केलं. पलीकडून आलेला माणूस उंच नव्हता. हातांना काथ्याची धूळ लागली होती. पांढऱ्या कपड्यात तो दुसऱ्याच कोणाच्या घरी पाहुणा आल्यासारखा उभा राहिला.

"दसरू मडावी?"

"हो जी."

हे दोन शब्द तो फार लवकर म्हणाला.

नीळकंठनं त्याचा डावा कान पाहिला. मग तो मान किंचित वाकडी करून पुन्हा पाहू लागला, म्हणून दसरूनंही मान वाकडी केली. दोन्ही कानांच्या पाळ्या सपाट होत्या. भोक नव्हतं, भोकाची खूणही नव्हती.

"बाळी कुठं गेली?"

"कोनती बाळी?"

"मार्चमध्ये पंधरा दिवस तुम्ही तहसिलीच्या कोठडीत होता ना? आवार झाडायचा?"

दसरूनं शिपायाकडं पाहिलं. शिपाई दहा हातांवर तंबाखू मळत होता.

"तो चैतू होता जी. माहा भाऊ. माह्या पायाले फोड झाल्ता, बावीस मैल चालनं नाई होये. चैतूनं जाऊन 'हो' म्हनलं. नाव माहं सांगतलं. बारी तं घराची असते न."

नीळकंठ जाळीला धरून उभा राहिला.

"मग एकोणीस तारखेला तुम्ही कुठं होता?"

"घरीच. मंग दुपारी डेपोकडच्या मोहाखाली गेलो. ते झाड आमच्याच घराचं. फूल पडून राह्यलं होतं, अन् चैतू आत." तो शांतपणे सांगत होता, शेतातली गोष्ट सांगावी तसा. "रसूलभाऊ होता तिथी. मानूस चांगला. थो म्हने, दसरू, हवा हाये, आज नको जाळू. मी म्हनलं, थोडासाच जाळतो. माह्यापाशी आगपेटी नव्हती. त्याचीच घेतली. थो म्हने मी झोपतो, जाताना परत देजो. मी पाला लावला. थोडा वेळ पाह्यलं. इझला असं वाटलं. पाय दुखे म्हून घरी आलो."

शिपायानं तंबाखू तोंडात टाकली.

"आगपेटी परत द्याची राह्यली जी," दसरू म्हणाला. "घरी हाये. बुधरीपाशी."

"हे गावात कोणाला माहीत आहे?"

"बुधरीले. गाववाल्याईले वाटे मी बारीचं 'हो' म्हनलं. पोलिसाईलेबी तसंच. जज्जालेबी." तो प्रथमच नीळकंठकडं नीट पाहू लागला. "तुमी शिकलेले हाये. एक सांगा. आमी इतके जन इतके साल कोनाचंबी 'हो' म्हनलो, पंधरा दिवस देल्ले. मी एकडाव खरं म्हनलो, दहा वर्स देल्ली. असं काऊन?"

नीळकंठ याच प्रश्नाचं उत्तर शोधायला दोन महिन्यांपूर्वी नागपुरातून निघाला होता. फक्त तेव्हा तो निराळ्या शब्दांत छापलेला होता. त्यानं पिशवीतून अर्ज काढला. तो का काढला हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. जाळीपुढची वेळ संपत आली होती आणि हाताला काहीतरी काम हवं होतं.

"या अर्जात लिहिलं आहे की आग लागली तेव्हा तुम्ही कोठडीत होता. रजिस्टरात तुमचं नाव आहे. त्यावर सुटका होऊ शकते."

"पन थे खोटं हाये."

"रजिस्टर खरं आहे. शिक्का आहे त्यावर."

दसरू बराच वेळ कागदाकडं पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो डावीकडून उजवीकडं पाहत होता.

"अन् हे म्हननार कोन?"

"कागदच म्हणेल."

"कागद कसा म्हनन जी? कोनाले तरी 'हो' म्हना लागते."

नीळकंठनं शाईची डबी उघडली. दसरूनं जाळीच्या फटीतून अंगठा बाहेर काढला. तो काथ्यानं इतका घासला गेला होता की शाई लावून दाबल्यावर कागदावर रेषा उठल्याच नाहीत, नुसता काळा गोळा उठला. शिपायानं पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा गोळाच उठला.

"पोरीले दात आले का?" आत जाताना दसरूनं विचारलं.

"विचारलं नाही मी," नीळकंठ म्हणाला.

परतीच्या गाडीत त्यानं शपथपत्र तीनदा काढलं आणि तीनदा ठेवलं. मूलच्या स्टेशनवर तोच हमाल होता. नीळकंठला वाटलं, यालाच सगळं सांगावं आणि विचारावं. पण नेमकं काय विचारावं हे ठरेपर्यंत बस आली. बसमध्ये त्यानं हिशेब मांडून पाहिला, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं. एका बाजूला दहा वर्षं. दुसऱ्या बाजूला आबिदाची दोन लेकरं, पण त्यांच्या बाजूला दसरूची दहा वर्षं ठेवूनही काही वाढत नव्हतं. आणि मग खोटी शपथ. तिला किती शिक्षा होते ते त्याला पाठ होतं. कबूल केली तर किती कमी होते, याची मात्र त्याच्याकडं कार्डं नव्हती.

छपराखाली पोचला तेव्हा मुदतीचे तीन दिवस उरले होते. बुधरी होती तिथंच बसली होती. आठ दिवस ती कोर्टाच्या धर्मशाळेत झोपत होती, आणि तिच्यासाठी भाकर आबिदाच्या हातची येत होती. डबा नूरुद्दीन स्वतः आणायचा.

"आबिदाले सांगतलं मी," नूरुद्दीन दुरूनच म्हणाला. "लई रडली. मंग म्हने, बरं झालं, कोना मानसानं नाई केलं. हवेनं केलं असन. म्हने, आता मले झोप लागन." त्यानं अर्जाच्या पक्क्या नकलेचे चार ताव मेजावर पसरले. त्यानं आयुष्यात लिहिलेलं सर्वांत सुंदर अक्षर त्यावर होतं; शेवटच्या ओळीसुद्धा वर चढल्या नव्हत्या. "इच्यारलं त्याले? काय म्हनला?"

नीळकंठनं पिशवी खाली ठेवली.

बुधरी त्याच्याकडं पाहत नव्हती. ती काठीच्या मागच्या कोळशाच्या रेघा बोटानं पुसत होती. तिला त्याच्या तोंडावरून सगळं कळलं होतं, बहुधा तो बसमधून उतरला तेव्हाच.

"पोरीला दात आले का, असं विचारत होता," नीळकंठ म्हणाला.

"दोन आले," बुधरी म्हणाली. "खालचे. काल गावाकडून निरोप आला."

नूरुद्दीननं बिडी ओठात धरली आणि सदरीचे खिसे चाचपले. "आगपेटी हाये का कोनापाशी?"

बुधरीचा हात पदराच्या गाठीकडं गेला आणि गाठीवरच थांबला. नीळकंठनं तो पाहिला. बुधरीनं त्याला पाहताना पाहिलं. नूरुद्दीननं थोडा वेळ वाट पाहून बिडी कानामागं खोचली.

"अन् बाळी?" त्यानं विचारलं. "होती न बाळी? डाव्या कानात?"

आवारात कोणीतरी नवा कैदी झाडत होता. झाडूचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"हो," नीळकंठ म्हणाला.

नूरुद्दीननं मान हलवली, जणू त्याला हे माहीतच होतं, आणि दौत पुढं सरकवली. नीळकंठनं शपथपत्रावर सही केली. सही त्याच्या नेहमीच्या सहीसारखीच आली. नूरुद्दीननं तिच्यावर वाळू टाकली, कागद तिरपा करून वाळू परत डबीत घेतली आणि तो कारकुनाकडं शिक्क्यासाठी आत गेला.

मेजावर लेखणी तासायचा चाकू उघडाच होता. बुधरीनं तो घेतला. काठी मांडीवर आडवी धरली आणि शेवटच्या खाचेच्या पुढं, जिथं बांबू कोरा होता तिथं, ती कापू लागली. चाकू लहान होता, वेळ लागला. पिवळट कीस नीळकंठच्या कार्डांवर पडत राहिला आणि त्यानं तो झटकला नाही.

नूरुद्दीन बाहेर आला तेव्हा ती फुंकर मारत होती. त्यानं सवयीनं खाचा मोजल्या.

"तेवीस? बावीस घरं न तुह्या गावात?"

"बावीसच होते जी," बुधरी नीळकंठकडं पाहून म्हणाली. तिनं नव्या खाचेत नख घालून पाहिलं. ती पुरेशी खोल झाली होती.